पांढरा कुठे पिवळा पडतो

शिशुपालाचे शंभर अपराध भरले, श्रीकृष्णाने बोट वर केलं आणि चक्र उजळलं. एका शाळेच्या स्नेहसंमेलनाची रंगीत तालीम चालू होती आणि मी विंगेत उभा होतो. चक्र पांढरंशुभ्र दिसायला हवं होतं. निम्मं दिसतही होतं. उरलेलं निम्मं मात्र आधी लोण्याच्या रंगाचं, मग हळदीचं, आणि जिथे वर्तुळ पुरं होत होतं तिथे चक्क केशरी. समोरच्या खुर्चीतून नाटक बसवणाऱ्या बाई म्हणाल्या, “काका, तुमच्या सुदर्शनाला कावीळ झालीय.”

त्या रात्री मी तेच केलं जे या छंदातले बहुतेक लोक करतात. लॅपटॉप उघडला. चक्रातल्या एलईडी पट्टीच्या कोडमध्ये पांढऱ्यासाठी २५५, २५५, २५५ लिहिलेलं होतं, ते तीनदा वाचलं. लायब्ररी काढून पुन्हा टाकली. दोन तास गेल्यावर ‘पट्टीच खराब निघाली’ असा निकाल देऊन झोपलो आणि सकाळी बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या बाजूला, नवी पट्टी आणायला गेलो. नवी पट्टी लावली. तीही त्याच जागी, त्याच क्रमाने पिवळी पडली. मग कुठे मल्टिमीटर हातात घेतला.

पॉवरबँकेच्या तोंडाशी ५ व्होल्ट. चक्राच्या पहिल्या दिव्यापाशी ४.२. शेवटच्या दिव्यापाशी ३.६. कोड बरोबर होता आणि जुनी पट्टीही ठणठणीत होती. माझी वायर उपाशी होती. ही पुस्तिका त्या तीन आकड्यांतून निघाली.

हिशेब मांडून बघू. चक्राचा व्यास ३० सेंटिमीटर, म्हणजे परीघ साधारण ९४. मीटरला ६० दिव्यांची पट्टी, म्हणजे ५६ दिवे. डब्ल्यूएस२८१२बी जातीचा एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की कागदोपत्री ६० मिलिअँपिअर घेतो, तेव्हा ५६ दिव्यांचे ३.३६ अँपिअर. मी ब्राइटनेस साठ टक्क्यांवर आणला होता, म्हणजे २ अँपिअर धरू. पॉवरबँक कृष्णाच्या कमरपट्ट्यात, तिथून शेल्याखालून बोटापर्यंत सव्वा मीटरची, दिसू नये म्हणून मुद्दाम घेतलेली बारीक, २६ गेजची वायर. या वायरीचा रोध मीटरला साधारण ०.१३ ओहम. वीज जाते तशी परतही येते, म्हणून अंतर दुप्पट: अडीच मीटर, साधारण ०.३३ ओहम. त्यातून २ अँपिअर गेले की ०.६६ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. उरलेला चिमूटभर कनेक्टरने खाल्ला. पुढे पट्टीतला तांब्याचा थर, जो कागदाइतका पातळ असतो, त्याने आपला वाटा घेतला.

कालव्याच्या टेलला शेत असणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. धरणात पाणी आहे, दरवाजा उघडा आहे, मुखाशी पाट भरून वाहतो आहे, आणि टेलच्या शेतात नुसती ओल. पट्टीवरचा प्रत्येक दिवा आपापलं पाणी ओढतो आणि शेवटच्याकडे उरेल ते जातं.

पण मग दिवा नुसता मंद का होत नाही, पिवळा का पडतो? पाच मिलिमीटरच्या त्या चौकोनात दिवा एक नसतो, तीन असतात, आणि ते एका कुळातले नसतात. निळा आणि हिरवा हे सख्खे भाऊ, इंडियम-गॅलियम-नायट्राइडचे. लाल वेगळ्या घरचा; त्याचं द्रव्य दुसरं. लालला पेटायला २ व्होल्टच्या आसपास पुरतात. निळ्या-हिरव्याला ३ च्या वर लागतात, आणि त्याशिवाय आतल्या चिपला प्रवाह सांभाळायला थोडी मोकळीक लागते. व्होल्टेज घसरलं की आधी निळ्याचा घास जातो. पांढऱ्यातून निळा वजा केला की पिवळा. मग हिरवा खचतो आणि केशरी उरतो. शेवटी नुसता लाल. (हा निळा दिवा मुळात किती उशिरा आला! लाल एलईडी १९६२चा. उजेड पडेल असा निळा मिळायला १९९० चं दशक उजाडलं, आणि त्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. उशिरा आलेला हा पाहुणा पंगतीतून सगळ्यात आधी उठतो, हे लक्षात ठेवायला सोपं जातं.)

आता वर्तुळाची गंमत. सरळ काठीवर हीच पट्टी लावली असती तर कदाचित कोणाच्या लक्षातही आलं नसतं. रंग हळूहळू बदलला की डोळा सांभाळून घेतो. मुठीशी पांढरी आणि टोकाशी किंचित उबदार तलवार छानही दिसते. वर्तुळात मात्र पहिला आणि शेवटचा दिवा शेजारी शेजारी येतात. छप्पन्न दिव्यांवर पसरलेली घसरण एका सांध्यावर उघडी पडते. पण जिथे हा रोग दिसतो तिथेच त्याचं औषधही ठेवलेलं असतं. दोन्ही टोकं एकमेकांना खेटून असल्यामुळे दोन बोटं लांबीच्या दोन वायरी घेतल्या, शेवटच्या दिव्याचा प्लस पहिल्याच्या प्लसला आणि ग्राउंड ग्राउंडला जोडला. डेटाची तार जोडायची नाही, ती एकाच बाजूने जाते. दोन्ही टोकांनी वीज आली की पट्टीतली सर्वांत मोठी घसरण निम्म्यावर नाही, चौथाईवर येते: प्रत्येक बाजूला अंतरही अर्धं आणि भारही अर्धा. शेल्याखालची वायर बदलून ०.७५ चौरस मिलिमीटरची घातली. तिच्यातली घसरण ०.१२ व्होल्टच्या आसपास. कृष्ण झालेला मुलगा म्हणाला, काका, ही टोचते. टोचू दे म्हटलं, देवाला एवढं सोसायला हवं.

तेव्हापासून हौशी नाटकवाले, गणपतीची आरास करणारे आणि अलीकडे कॉमिक कॉनसाठी चिलखतं-तलवारी बनवणारी पोरं माझ्याकडे आपापले ‘बिघडलेले रंग’ घेऊन येऊ लागली. आमच्या नाटकाच्या भाषेत या वस्तूंना प्रॉपर्टी म्हणतात आणि प्रॉपर्टीवाल्याला कोणी टाळ्या वाजवत नाही, त्यामुळे कोणी विचारायला आलं की मी जरा जास्तच बोलतो. त्या बोलण्याच्या टिपणांना आता पुठ्ठ्याचं कव्हर चढतं आहे. टिपणं लिहिताना एक गोष्ट वारंवार दिसत गेली आणि पुस्तिकेची मांडणी मी तिच्यावरच केली आहे. रंग ‘बिघडला’ एवढ्यावर थांबायचं नाही. कुठे बिघडला, कसा बिघडला आणि कधी बिघडला, हे विचारलं की अर्धं निदान बसल्या जागी होतं. हळूहळू सरकणारा पिवळेपणा एक गोष्ट सांगतो. एका दिव्यापासून पुढे अचानक बदललेला रंग दुसरी सांगतो. चमचमणारे, जागा बदलणारे ठिपके तिसरीच सांगतात. म्हणून प्रकरणांना घटकांची नावं दिली नाहीत. ती लक्षणांवरून पाडली आहेत, घरगुती औषधांच्या जुन्या पुस्तकांत असायची तशी.

सगळ्या प्रकरणांच्या आधी एक चाचणी येते. ती इथेच सांगून टाकतो, कारण प्रस्तावना वाचून पुस्तक मिटणारे मला माहीत आहेत. पूर्ण पट्टी फक्त लाल पेटवा. मग फक्त हिरवी. मग फक्त निळी. मग पांढरी. प्रत्येक वेळी सुरुवात आणि शेवट शेजारी धरून बघा. पट्टी वाकत असेल तर चक्रासारखी गोल करा. तिन्ही सुटे रंग सारखे आणि पांढरा तेवढा सरकतो, तर विजेची उपासमार. एकट्या रंगाला प्रवाह पांढऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच लागतो, म्हणून तो निभावून नेतो. सुटे रंगच कुठे गडद कुठे फिके असतील, तर पडदा, अंतर किंवा पट्टीची जात बघा. मल्टिमीटर लावायचा तो पांढरा पेटलेला असतानाच. विझलेल्या पट्टीवर मोजलेले ५ व्होल्ट म्हणजे उपासाच्या दिवशी घेतलेलं वजन.

उपासमारीच्या नेमकं उलट वागणारं एक दुखणं आहे, आणि ते ओळखायला मला दोन वर्षं लागली. एका एकांकिकेसाठी तलवार केली होती. मीटरला १४४ दिव्यांची पट्टी, पाठीला पाठ लावून दोन ओळी, बाहेरून फोम. पडदा उघडताना पांढरी. वीस मिनिटांनी ती निळसर दिसू लागली, आणि तीही मुठीजवळ, जिथे वीज सगळ्यात चांगली पोचते. मी सवयीने जाड वायर घातली. काही फरक नाही. हात लावून पाहिला तर फोमच्या आत भाजत होतं. उष्णतेने सगळेच एलईडी थोडे मंदावतात, पण लाल दिव्याचं द्रव्य उष्णतेला जास्त हळवं. निळा-हिरवा तग धरतात आणि लाल मागे पडतो. तेव्हा पांढरा पिवळ्याकडे झुकला तर वायर बघा, निळसर झाला तर हात लावून बघा. तलवारीत मग अॅल्युमिनियमची पट्टी घालून तिच्यावर दिवे चिकटवले आणि ब्राइटनेस निम्मा केला. प्रेक्षकांत कोणालाही तो निम्मा झाल्याचं कळलं नाही. का कळलं नाही, ते पुढे येईल.

डेटाच्या भानगडी वेगळ्या. या पट्टीवरचा निरोप प्रसादासारखा पुढे सरकतो: कंट्रोलर सगळ्यांचा प्रसाद एका ताटात पाठवतो, पहिला दिवा आपले २४ बिट काढून घेतो आणि उरलेलं ताट पुढच्याकडे देतो. प्रत्येक रंगाला ८ बिट, एका बिटाला सव्वा मायक्रोसेकंद, एका दिव्याला ३०. म्हणून डाग कच्चा राहिला, पट्टी आडवी वाकवल्याने सांधा तडकला किंवा एक दिवा मेला, तर त्याच्यापुढची सगळी पंगत उपाशी किंवा भलतंच खाऊन बसते. अर्ध्या मीटरवर कारखान्यातले सांधे असतात. माझा संशय नेहमी आधी तिथे जातो. ३२ बिटांची, म्हणजे वेगळा पांढरा दिवा असलेली एसके६८१२ पट्टी आणून कोडमध्ये २४ बिटांची सांगितली, तर चौथ्याचा घास पुढच्याच्या पानात पडत जातो आणि एकाच रंगाऐवजी रंगांची आवर्तनं दिसू लागतात. हे इतकं नियमित असतं की पाहताक्षणी ओळखावं. लाल मागितला आणि हिरवा आला तर घाबरायचं कारणच नाही; ही जात हिरवा आधी वाचते, लाल नंतर, कोडमध्ये क्रम बदलला की झालं.

मात्र यातलं एक लक्षण मला फार आवडतं, कारण ते अक्कल गहाण टाकल्यासारखं वाटतं. ईएसपी३२ या कंट्रोलरवर चालणारी पट्टी पूर्ण ब्राइटनेसवर अगदी शहाण्यासारखी वागते आणि मंद केली की भलतेच हिरवे-गुलाबी ठिपके मारू लागते. लोक म्हणतात, मंद केल्यावर तर भार कमी झाला, मग आता का? ईएसपी३२ डेटा ३.३ व्होल्टने पाठवतो. पट्टीच्या चिपला ‘एक’ हा आकडा ‘एक’ म्हणून ओळखायला आपल्या पुरवठ्याच्या ७० टक्के हवे असतात: ५ व्होल्टवर ३.५. म्हणजे आपला माणूस मुळातच दोन बोटं बुटका आहे. पूर्ण उजेडात पुरवठा घसरून ४.५ वर येतो, तेव्हा उंबरठा ३.१५ वर उतरतो आणि बुटका माणूस आरामात आत येतो. मंद केलं की पुरवठा पुन्हा ५ वर चढतो आणि दारात अडखळणं सुरू. एका दुखण्याने दुसरं झाकलेलं असतं. उपाय ७४एएचसीटी१२५ सारखी छोटी चिप मधे घालण्याचा. ती मिळाली नाही तर जुगाड: पहिल्या एका दिव्याच्या पुरवठ्यात साधा डायोड घाला. त्याला ४.३ व्होल्ट मिळतात, त्याचा उंबरठा ३ वर येतो, तो निरोप नीट वाचतो आणि आपल्या ४.३च्या उंचीने पुढे पाठवतो. त्या दिव्याला प्रॉपर्टीत दिसेनासा लपवायचा. चक्रात तो कृष्णाच्या तळहाताकडच्या बाजूला आहे.

पट्टी विकत घेण्याबद्दल एकच सांगेन. साडीवर ब्लाउजपीस घेताना बायका कापड दुकानाच्या दाराशी उजेडात नेऊन का बघतात, ते पट्टीवाल्यांनी शिकून घ्यावं. कारखान्यात दिवे उजेडाच्या आणि छटेच्या ढिगांत वेगळे केले जातात आणि दोन रिळांचे ढीग एकच असतील याची खात्री नसते. माहितीपत्रकातच हिरव्याला ५२२ ते ५२५ नॅनोमीटर असा पट्टा दिलेला असतो. स्वस्त मालात हा पट्टा किती सैल सोडलाय कोण जाणे. पाच मीटर लागणार असतील तर एकाच ताग्यातून सहा घ्या आणि उरलेला तुकडा रिळाचं नाव लिहून जपून ठेवा. नंतर दुसऱ्या ताग्याचं ठिगळ लावलं की ते ठिगळच दिसतं, कोडमध्ये कितीही रफू केलं तरी.

आता मंद उजेड. २५५ पायऱ्या पुष्कळ वाटतात, पण त्या सगळ्या जिन्यावर सारख्या उंचीच्या नाहीत. आपला डोळा अंधारात चिकट आणि उजेडात उदार: १२८ हा आकडा अर्धा असला तरी डोळ्याला पाऊण भासतो. तलवारीचा निम्मा उजेड कोणाला कळला नाही तो यामुळे. याची दुसरी बाजू खालच्या पायऱ्यांवर भोगावी लागते. मशालीचा केशरी घ्या: लाल २५५, हिरवा ८०, निळा ०. ब्राइटनेस ८ वर आणला की लाल ८ आणि हिरवा अडीच. अडीचला जागा नाही, म्हणून २. केशरी आताच लालसर झाला. ३ वर आणा: लाल ३, हिरवा पाऊण-एकाच्या मधला कुठेतरी, म्हणजे शून्य. मशाल विझता विझता शुद्ध लाल होते, आणि काही दिव्यांवर आधी, काहींवर नंतर, म्हणून रंग फाटल्यासारखा दिसतो. इथे खरोखरच कोडकडे जावं लागतं. फास्टएलईडी लायब्ररीत यासाठी सोयी आहेत, त्या वापरायची पद्धत पुस्तिकेत दिली आहे. पण सोपा मार्ग हा की मंद उजेड हवा असेल तर कमी दिवे लावा, जास्त दिवे मंद करू नका. किंवा पुढे ट्रेसिंग पेपरचा आणखी एक पदर घाला आणि दिव्याला वरच्या पायऱ्यांवर राहू द्या.

पदराचा विषय निघालाच आहे. निम्म्या तक्रारी विजेच्या नसतातच, पडद्याच्या असतात. दिवा आणि पडदा यांत किमान दोन दिव्यांमधल्या अंतराइतकी पोकळी हवी, हा माझा ढोबळ नियम: मीटरला ६० असतील तर १७ मिलिमीटर, १४४ असतील तर ७. माझ्या चक्राची खोली १२ भरली आणि त्यात १७ची पट्टी कोंबलेली. त्यामुळे कावीळ बरी झाल्यावरही पहिल्या रांगेतून मोत्याच्या माळेसारखे ठिपके दिसत होतेच. लांबून ते खपलं. पडदा म्हणून मी बटर पेपर, ट्रेसिंग पेपर, दुधी अॅक्रिलिक आणि मिक्सरच्या खोक्यातून येणारा पांढरा फोम, हे सगळं वापरलं आहे. फोम सर्वांत स्वस्त आणि बहुतेक वेळा सर्वांत चांगला. ग्लू गनचा गोंद मात्र दिव्यावर थेट सोडू नका. उन्हाळ्याभरात तो तुपासारखा पिवळा होतो आणि मग माणूस वायर बदलत बसतो. सिलिकॉनचं आवरण असलेली पट्टी आणि उघडी पट्टी एकाच प्रॉपर्टीत लावू नका, त्यांचा पांढरा एक नसतो.

मोबाइलच्या चित्रणात दिसणारे आडवे पट्टे या पुस्तिकेत घेतलेले नाहीत. ते दिव्याच्या उघडझापीचं आणि कॅमेऱ्याच्या शटरचं भांडण आहे. नाटक डोळ्यांनी बघायचं असतं, अशी माझी जुनाट भूमिका. १२ व्होल्टच्या पट्ट्यांना शेवटी चार पानं दिली आहेत. मोठ्या आराशीला त्याच बऱ्या; हातात धरायच्या वस्तूला ५च सोयीच्या, कारण साधी पॉवरबँक तेवढंच देते. प्रत्येक प्रकरणातले आकडे मी स्वतःच्या मल्टिमीटरवर मोजलेले आहेत आणि तो मल्टिमीटर साधाच आहे, तेव्हा दशांशाच्या दुसऱ्या घरावर भांडायला येऊ नये.

चक्र अजून माझ्या माळ्यावर आहे. मागच्या वर्षी दुसऱ्या शाळेने ते मागून नेलं. परत आलं तेव्हा ०.७५ची वायर कोणीतरी कापून तिच्या जागी बारीक, सोन्याच्या रंगाची, दिसायला सुंदर वायर जोडली होती. सोबत चिठ्ठी होती: काका, चक्र थोडं पिवळं पडतंय, पट्टी बदलायला हवी.